अर्धं कडं

माझ्या नवऱ्याच्या घशाशी गेली अकरा वर्षं आंबट पाणी येत होतं आणि गेली अकरा वर्षं त्याचं खापर घरातल्या एकेका पदार्थावर फुटत होतं. आधी तुरीची डाळ बदनाम झाली. मग वांगं, मग चहा, मग दाण्याचं कूट आणि शेवटी माझ्या माहेरचा कांदा-लसूण मसाला. मसाल्यावर आळ आला तेव्हा मात्र मी ऐकून घेतलं नाही. मी तासगावच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. पुरावा नसताना माझ्या आईच्या मसाल्याला कोणी दोषी ठरवलेलं मला चालत नाही.

नवऱ्याचं नाव भालचंद्र गुरव. समोर मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण लिहिताना सर्वनामांचा फार घोळ होतो, म्हणून इथे नाव घेते. गावच्या महादेवापुढे सनई वाजवायचा मान त्यांच्या घराण्याकडे. नवव्या वर्षी त्यांनी सनई तोंडाला लावली, ती अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सुटली नव्हती. सनईवाल्याचा श्वास ही एक कसरतच असते. गालात हवा साठवायची, ती सनईच्या तोंडाशी असलेल्या पत्तीतून सोडता सोडता नाकाने नवी हवा आत घ्यायची आणि सूर काही तुटू द्यायचा नाही. या कसरतीत दर वेळी थोडी हवा पोटातही जाते. पोट गच्च होतं आणि खालचं आम्ल वर ढकललं जातं. त्यामुळे आमच्याकडे उशाला तीन उशा, सकाळी बसलेला आवाज, थंड दूध, जिरं, खायचा सोडा आणि खिशात गोळ्यांचं पाकीट, असा संसार चालला होता.

२०४१ च्या जानेवारीत त्यांना घास गिळताना दुखायला लागलं. मी शाळेतून रजा काढली आणि त्यांना मिरजेला नेलं. बिनचालकाच्या एसटीत बसायला ते तयार नव्हते. ब्रेक नाही लागला तर ओरडायचं कुणाच्या नावानं, असं त्यांचं म्हणणं. तासभर ते खांब धरून बसले होते.

डॉक्टर नीलोफर मुजावर मिरजेच्याच. पोटाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हातखंडा आहे, असं सगळे सांगत. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि मग कागदावर एक नळी आणि खाली एक पिशवी काढली.

"गुरवकाका, अन्ननलिका जिथे जठराला मिळते ना, तिथे स्नायूचं एक कडं असतं. घास आला की ते उघडतं, गेला की मिटतं. तुमचं सैल झालंय. शिवाय छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला जे भोक असतं, ते मोठं झालंय आणि जठराचा थोडा भाग त्यातून वर सरकलाय. गोळ्यांनी आम्ल कमी होतं, पण दार उघडंच राहतं."

"किती उघडं?" मी विचारलं.

"तेच मोजायचंय. कारण खालच्या अस्तराचा रंग थोडा बदललाय, मॅडम. आज घाबरण्यासारखं काही नाही. पण असंच आम्ल लागत राहिलं, तर काही वर्षांनी तिथे कॅन्सरची भीती असते."

पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. आठवीच्या वर्गात पचनसंस्थेची आकृती मी डोळे मिटून काढते, पण त्या आकृतीत माझा नवरा कधी नव्हता.

मोजायची पद्धत अशी होती. वालाच्या दाण्याएवढी एक कुपी त्यांच्या अन्ननलिकेच्या आतल्या भिंतीला चिमटा घेऊन बसवली. चार दिवस ती दर सेकंदाला तिथली आम्लता मोजणार, प्रत्येक घोट टिपणार आणि सगळं मिरजेच्या दवाखान्यातल्या निदान करणाऱ्या यंत्राला कळवणार. आठवड्याभरात ती आपोआप सुटून जाते. मनगटावर एक पट्टा दिला. त्यावर तीन बटणं होती. जेवायला बसलं की ताटाचं चित्र दाबायचं, आडवं झालं की खाटेचं आणि जळजळ झाली की ज्योतीचं. हजारो रुग्णांचे आलेख वाचून ते यंत्र इतकं तयार झालं होतं की, जुन्या डॉक्टरांना महिनाभर लागेल ते निदान ते एका मिनिटात करायचं.

एकच अडचण आली. भालचंद्र रियाजाला बसले की हवेचे शेकडो घोट घेतात. यंत्राला वाटायचं, हा माणूस दिवसभर खातोच आहे. म्हणून दवाखान्यातल्या तंत्रज्ञ मुलीने यंत्राला समजावलं, की रुग्ण सनई वाजवतो. ताटाचं बटण दाबलेलं नसेल तेव्हाचे घोट वाजवण्याचे समज आणि सोडून दे.

चार दिवसांपैकी तिसरा दिवस महाशिवरात्रीचा येत होता. तारीख पुढे ढकलू का, असं त्या मुलीने विचारलं.

"उलट बरंच की," भालचंद्र म्हणाले. "त्या दिवशी आमचा उपास. पोटाला बी आराम, यंत्राला बी आराम."

सगळे हसले. मीही हसले.

अहवाल आला तेव्हा मीच तो मोठ्याने वाचला. निरोगी माणसाच्या अन्ननलिकेत दिवसातला फार तर चार टक्के वेळ आम्ल असतं. सहाच्या वर गेलं की आजार धरतात. यांचे आकडे सात, आठ, सव्वीस आणि सात. सव्वीस महाशिवरात्रीचे. खाली यंत्राचा शेरा होता: 'रिकाम्या पोटीही आम्ल सतत वर. झडप पूर्ण निकामी.'

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "जेवल्यावर आम्ल वर येणं वेगळं आणि दिवसभर पोट रिकामं असताना येणं वेगळं. बाकीच्या तीन दिवसांवर मी गोळ्या आणि पथ्य सांगितलं असतं. फार तर जुनी शस्त्रक्रिया. जठराचा वरचा भाग नळीभोवती गुंडाळायचा, पूर्ण किंवा अर्धा. किंवा लोहचुंबकाच्या मण्यांची माळ घालायची. पण सव्वीस टक्क्यांपुढे हे टिकणार नाही. तुम्हाला जिवंत कडं लागेल."

जिवंत कडं ही तीन वर्षांपूर्वी आलेली गोष्ट. रुग्णाच्या मांडीतून स्नायूच्या थोड्या पेशी काढायच्या, साच्यावर सहा आठवडे वाढवायच्या आणि तयार झालेलं कडं अन्ननलिकेच्या टोकाशी बसवायचं. दहा दिवसांत शरीराच्या नसा त्यात शिरतात. मग ते गिळण्याची सूचना ओळखतं आणि फक्त खालच्या बाजूला उघडतं. वर काहीही येत नाही. एकदा ते नळीत रुजलं की काढता येत नाही.

"काहीच वर येत न्हाई?" भालचंद्रांनी विचारलं.

"आम्ल नाही, उलटी नाही, ढेकरही नाही."

"मग वाजवताना पोटात गेलेली हवा?"

"ती अडकेल, काका. पाच-दहा मिनिटं वाजवू शकाल. त्याच्या पुढे पोट फुगून असह्य दुखेल. मी खोटं सांगणार नाही."

भालचंद्रांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "करूया."

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

लग्नाच्या एकोणतीस वर्षांत त्यांनी इतक्या चटकन कधी माझं ऐकलं नव्हतं. मला त्या वेळी बरंच वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

मग सहा आठवडे मिरजेत कडं वाढत होतं आणि माझ्या फोनवर रोज त्याचा फोटो येत होता. पहिल्या आठवड्यात नुसता गुलाबी धागा. तिसऱ्या आठवड्यात अंगठीसारखं. पाचव्या आठवड्यात ते आपोआप आकसायला आणि सैल व्हायला लागलं. मी शिक्षकखोलीत सगळ्यांना ते नातवाचे फोटो दाखवावेत तसे दाखवत होते. कोणी म्हणायचं, गुटगुटीत आहे हो. भालचंद्रांनी मात्र एकही फोटो नीट पाहिला नाही. दाखवला की म्हणायचे, "छान हाय की," आणि गोठ्याकडे जायचे.

रियाज त्यांनी हळूहळू बंद केला. पाडव्याला पहाटे देवळात वाजवलं, ते शेवटचं. गावाला सांगितलं नव्हतं, पण कळलं असावं, कारण पारावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. घरी आल्यावर त्यांनी सनई पुसली, धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "वर ठेव," एवढंच म्हणाले. मी ती कपाटावर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. माणूस जगावा म्हणून त्याचा सूर देऊन टाकायचा, हा व्यवहार मला पटत होता आणि सोसत नव्हता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी चार वाजता आम्ही चहा घेत होतो, तेव्हा दवाखान्यातून परिचारिकेचा फोन आला. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. उद्या सकाळी भूल द्यायची आहे, रात्री आठनंतर पेशंटने उपाशी राहायचं, असं तिने बजावलं.

"कळलं," भालचंद्र मला म्हणाले, "म्हंजे सकाळी जरा साबुदाण्याची खिचडी टाक. लांब जायचंय."

मी हसले. "अहो, उपाशी म्हणजे उपाशी. खिचडी खाल्ली तर पोट भरणार नाही का?"

"उपासाला चालती की."

मी पुन्हा हसायला गेले आणि थांबले. मी कप खाली ठेवला.

"अहो, महाशिवरात्रीला तुम्ही ते ताटाचं बटण दाबलं होतं?"

"कशाला दाबू? उपास हुता."

"पण खाल्लं होतं ना?"

"अगं, ताटाचं चित्र हुतं त्यावर. ताटात कुठं जेवलो मी? धान्याचा दाणा पोटात न्हाई त्या दिवशी. खोटं कसं दाबू?"

मी बोटं मोजायला लागले. सकाळी खिचडी, दोनदा. दहा वाजता गूळ घालून कवठाची चटणी आणि केळी. दुपारी वरीचा भात, दाण्याची आमटी, तुपातली बटाट्याची भाजी, उपासाची थालीपीठं. चार वाजता रताळ्याचा कीस आणि दाण्याचे लाडू. मध्ये मध्ये देवळात जाऊन चार-पाच तास सनई. आणि यंत्राला आपणच सांगून ठेवलेलं, की बटण नसेल तर हे घोट हवेचे! त्याने बिचाऱ्याने सगळी खिचडी हवा म्हणून सोडून दिली आणि पोट रिकामं धरलं.

यातला प्रत्येक पदार्थ मी माझ्या हाताने केला होता. आणि 'रिकाम्या पोटी' हे शब्दही मीच मोठ्याने वाचले होते. विज्ञानाची शिक्षिका!

"उद्याचं रद्द," मी म्हणाले.

"अगं, घाबरू नगंस. कडं तयार हाय, डॉक्टर थांबल्यात. एवढी माणसं राबली. घालून टाकू की."

"तुम्हाला घालायचंय?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "न्हाई," ते म्हणाले.

"मग सहा आठवडे बोलला का नाही?"

"तू लई घाबरली हुतीस, वैजा. तुझ्या डोळ्याला डोळा न्हवता. मला वाटलं, सनई गेली तर गेली, तुला तरी गाढ झोप लागंल."

मला वाटत होतं, त्यांना जगवायचा निर्णय मी घेतला. इथे हा माणूस माझ्या झोपेसाठी आपला सूर द्यायला निघाला होता आणि वर मला कळू देत नव्हता. मी त्यांच्यावर रागावले, रडले आणि मग डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर मुजावरांनी सगळं ऐकलं. मी पदार्थांची यादी वाचायला लागले, तेव्हा थालीपिठापाशी त्यांनी मला थांबवलं.

"एका दिवसात?"

"एका दिवसात."

त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "चूक माझी आहे, मॅडम. आलेखात तिसऱ्या दिवशी ताट दिसलं नाही, तेव्हा मी विचारायला हवं होतं. आमच्या घरी रोजा म्हणजे पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तुमचा उपवास मी तसाच धरला. साबुदाण्याची खिचडी मलाही माहीत आहे हो, शाळेत मैत्रिणींच्या डब्यातली खाल्लीय. पण तिच्या मागे एवढी वरात असते, हे माहीत नव्हतं."

शस्त्रक्रिया थांबली. कडं दवाखान्याच्या शीतपेटीत गेलं आणि कुपी पुन्हा बसवली. या वेळी बटणांचा ताबा मी घेतला. सुपारीचं खांड तोंडात टाकलं तरी मनगट पुढे करायला लावत होते. शिवाय डॉक्टरांची एक अट होती, ती मला फार आवडली. प्रयोगावर शंका आली, तर तो पुन्हा करून पाहायचा. म्हणून आम्ही भर चैत्रात महाशिवरात्र केली. तीच खिचडी, तीच आमटी, तेवढीच थालीपीठं. कवठंसुद्धा मी बाजार पालथा घालून आणली. शेजारच्या काकू विचारून गेल्या, आज कोणती तिथी आहे म्हणून. आणि कपाटावरची सनई खाली काढून भालचंद्रांनी चार तास वाजवली. दुसऱ्या दिवशी खरोखरीचा उपास. दुपारपर्यंत नुसतं पाणी आणि तेवढीच सनई.

आलेख घेऊन डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. खिचडीच्या दिवशी चोवीस टक्के. पाण्याच्या दिवशी, दुपारपर्यंत, तीन.

"झडप मेलेली नाही," त्या म्हणाल्या. "दमलेली आहे. तेल, दाणे, गच्च पोट आणि त्यावर सनईचा दाब, एवढं सगळं एकदम आलं की ती हरते. रिकाम्या पोटी ती आपलं काम करते."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारलीही.

"आता निवड तुमची," त्या भालचंद्रांना म्हणाल्या. "एक, नुसत्या गोळ्या, लवकर जेवण, उशाकडून उंच खाट आणि वाजवायच्या आधी तीन तास काही खायचं नाही. पण पडद्याचं भोक तसंच राहील. दोन, आधी ठरलेलं पूर्ण कडं. आम्ल कायमचं बंद, सनईही बंद. तीन, भोक शिवायचं, जठर खाली ओढायचं आणि तुमचंच कडं मधून कापून फक्त अर्धं, मागच्या बाजूने बसवायचं. पुढची बाजू मोकळी राहील, हवा निघून जाईल. पण थोडं आम्लही कधीतरी येईल. दर वर्षी दुर्बीण घालून अस्तर पाहावं लागेल. आणि अर्धं कडं आतापर्यंत फक्त चौदा जणांना बसवलंय. हवा सुटेलच अशी खात्री मी देत नाही."

भालचंद्रांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. पूर्ण कडं म्हणजे माझी बिनघोर झोप. जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"तुम्ही ठरवा," मी म्हणाले. "मी नाही सांगणार."

त्यांनी डॉक्टरांच्या कागदावरच्या नळीवर बोट ठेवलं. "दार लोटून घ्या, डॉक्टर. पण कडी लावू नका."

शस्त्रक्रिया दोन तास चालली. पोटावर पाच छोटी भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. महिनाभर पातळ खाणं. कड्याचा उरलेला अर्धा तुकडा अभ्यासासाठी दवाखान्याने ठेवून घेतला. यंत्राला शिकवायला डॉक्टरांनी माझ्याकडून उपासाच्या पदार्थांची यादी मागितली, ती चौतीस पदार्थांपर्यंत गेली. आता मनगटाच्या पट्ट्यावर चौथं बटण आहे आणि त्यावर वाटीचं चित्र आहे.

जळजळ थांबली. तीन उशांची एक झाली. पण वाजवायला तीन महिने बंदी होती, आणि वाजवल्याशिवाय हवेचं काय होतंय ते कळणार नव्हतं. बंदी उठल्यावर घरात पाच-पाच मिनिटं वाजवून झाली, पण पाच मिनिटांत काही सिद्ध होत नाही. खरी परीक्षा श्रावणातल्या पहिल्या सोमवारी होती.

सकाळी देऊळ भरलं होतं. भालचंद्र सकाळपासून फक्त कपभर दूध प्यायले होते. मी खांबाला टेकून बसले आणि मनगटावरचं घड्याळ तळहाताने झाकून पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. त्यांच्या शेजारी सूर धरणाऱ्याने सूर धरला आणि सनई सुरू झाली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. गाल फुगत होते, सूर तुटत नव्हता. मला गाणं ऐकूच येत नव्हतं, मी फक्त त्यांच्या पोटाकडे बघत होते.

पंधराव्या मिनिटाला ते थांबले. सनई मांडीवर ठेवली आणि हात छातीच्या खाली धरला. चेहरा आवळला. सूर धरणारा एकटाच वाजवत राहिला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी उठले. झालं, अडकली हवा, आता दुखणार, आता संपलं, एवढंच डोक्यात होतं.

आणि मग भालचंद्रांनी ढेकर दिला. लांबलचक, खणखणीत, गाभाऱ्यात घुमून परत आलेला. पुजारी मंत्र विसरले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

एकोणतीस वर्षं या माणसाला मी चारचौघांत ढेकर देऊ नका म्हणून डोळे वटारत आले. त्या दिवशी भर देवळात मी टाळ्या वाजवल्या. ते माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "जागा झाली बघ," आणि सनई पुन्हा ओठांना लावली. मी खाली बसले आणि पहिल्यांदाच, नुसतं ऐकलं.